भट्टीचा मुका

आमच्या बेकरीत ‘भाजणे’ हा शब्द फक्त पावासाठी राखलेला आहे. माणसाला झळ लागली, तर ‘भट्टीनं मुका घेतला’ असे म्हणतात. भट्टीचे लोखंडी दार डावीकडे उघडते. त्यामुळे आत वाकणाऱ्याचा उजवा गाल आणि उजवे कपाळ आधी पुढे जाते, आणि पहिला फटका तिथेच बसतो. माझ्या सासऱ्यांच्या उजव्या गालावर असा डाग होता, माझ्या यजमानांच्या होता, माझ्याही आहे. ज्याच्या अंगावर तो नाही, त्याने भट्टीपुढे उभे राहू नये, हा दंडक मी घातला आणि आजवर कुणी मोडला नाही. उपायही ठरलेला: नुकत्याच मळलेल्या मैद्याचा गार गोळा लाटून झळ लागलेल्या जागी थापायचा, आणि तो सुकेपर्यंत तक्रार करायची नाही.

हे आधी सांगितले, कारण त्याशिवाय पुढे जे घडले ते बाहेरच्या माणसाला निव्वळ वेडेपणा वाटेल.

भट्टी माझा थोरला मुलगा सांभाळतो. पंचावन्न उलटले त्याला. धाकटा दुकान आणि गिऱ्हाईक पाहतो, कारण त्याच्या जिभेला हाड नाही. थोरल्याला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, पण पाहता येते. पाव झाला की नाही हे घड्याळ सांगत नाही, रंग सांगतो. वरच्या पापुद्र्यावर एक तांबूस छटा येते आणि क्षणभर टिकते. भट्टीच्या काळोख्या पोटात डोकावून तो क्षण पकडणारा माणूस आमच्या घरात एकच, आणि हे सारे तो एका डोळ्यावर करतो. त्याचा डावा डोळा जन्मापासून अधू आहे. त्या डोळ्याला उजेड कळतो, कुणी आले-गेले ते कळते, त्यापलीकडे काही नाही. जे आहे ते सगळे उजव्यात.

त्या आठवड्यात भट्टीच्या छताच्या विटा निखळल्या आणि गवंडी बोलवावा लागला. भट्टी विझवली. गार भट्टी असलेले घर मला आवडत नाही. भिंतींना ओल चढल्यासारखे वाटते. मी पाहणीला गेले, तेव्हा थोरला मैद्याच्या पोत्यावर डोके धरून बसला होता. त्याची पांढरी टोपी गुडघ्यावर होती.

“टोपी डोक्यावर असते,” मी म्हणाले.

“टोचतेय, आई.”

“इतकी वर्षं नाही टोचली ती?”

“आज टोचतेय. केसांना नुसता हात लावला तरी झोंबतंय. मुंग्या चावल्यासारखं. इथून इथपर्यंत.” त्याने उजव्या भुवईपासून टाळूपर्यंत बोट फिरवले; टेकवले मात्र नाही.

भट्टीच्या तोंडातून गवंड्याचे डोके बाहेर आले. “मालक, हात रिकामे राहिले की डोकं कुरकुरतं. या, विटा द्या मला, बघा कसं थांबतं ते!”

थोरली सून टेबल पुसत होती. तिने फडके खाली ठेवले. “आई, काल ह्यांनी कंगवासुद्धा लावू दिला नाही. अंग मोडून आलंय, जेवणावर वासना नाही. डॉक्टरांना दाखवू या का?”

“कंगवा लागला म्हणून डॉक्टरांकडे जायची पद्धत आपल्याकडे नाही,” मी म्हणाले. “भट्टी पेटली की उतरेल सगळं.”

भट्टी पेटली. नव्या विटा, पहिला जाळ. थोरला दिवसभर तिच्या तोंडाशी वाकून होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उजव्या कपाळावर लाल चट्टे उठलेले दिसले.

धाकट्याला तेवढेच हवे होते. “दादा, चांगलाच कडकडून मुका घेतलाय की रे! वहिनी, लक्ष ठेवा. नव्या विटांनी सवत आणलीय तुमच्यावर.”

सगळे हसले. मीही हसले. थोरली सून तेवढी हसली नाही.

“आई,” ती म्हणाली, “ह्यांचं दुखणं भट्टी गार होती तेव्हापासूनचं आहे.”

“मग?”

“भाजल्याचं दुखणं भाजल्यानंतर सुरू होतं ना?”

मला माझ्याच बेकरीत असा उलट प्रश्न कुणी विचारत नाही. मी तिच्याकडे पाहिले. तिने मान खाली घातली, पण जागची हलली नाही.

“नव्या विटांची पहिली धग तिखट असते,” मी म्हणाले. “गोळा आण.”

गोळा मी स्वतः थापला. नेहमी थोरला अशा वेळी सुस्कारा सोडतो आणि खांदे सैल करतो. या वेळी त्याने दात आवळले. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली आणि ती थांबेना. मैदा सुकून गळून पडला, आणि त्याखालचे कातडे आधीपेक्षा लाल निघाले. “पहिला दिवस आहे,” मी सगळ्यांना सांगितले. सुनेचा प्रश्न त्याच वेळी मला पुन्हा आठवला. मात्र मी त्याला बसायला जागा दिली नाही.

पुढच्या सकाळी तो पुढे आला तेव्हा त्याची उजवी पापणी सुजून जड झाली होती. कपाळावर, भुवईत, केसांच्या मुळाशी बारीक फोडांचे झुबके उठले होते. प्रत्येक फोडात स्वच्छ पाणी, त्याभोवती लाली. आणि एक फोड, अगदी लहान, भाताच्या शितासारखा, नाकाच्या शेंड्यावर उजव्या अंगाला होता.

“उजेड सहन होत नाही, आई,” तो म्हणाला. “डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय.”

मी दुसरा गोळा लाटला. या वेळी जाड आणि रुंद. एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत, कारण अर्धवट काम माझ्या हाताला ठाऊक नाही. तो कपाळावर थापला आणि त्याच्या बाजूला उभी राहिले. थोडा वेळ गेला असेल नसेल, त्याने माझे मनगट धरले.

“काढ. आई, काढ.”

हा मुलगा लहानपणी हातावर उकळते पाणी सांडले तेव्हाही असे बोलला नव्हता. मी गोळा एका कडेने सोडवला आणि अखंड उचलला. तो अजून ओला होता. टेबलावर टाकण्यासाठी मी तो उलटा केला, आणि माझा हात हवेतच राहिला.

गोळ्याच्या आतल्या बाजूला कपाळाचा ठसा उमटला होता. उजव्या अर्ध्यात खळगेच खळगे, घोसाघोसाने, कुणी बोटाच्या टोकांनी टोचून ठेवल्यासारखे. डावा अर्धा गुळगुळीत. आणि दोहोंच्या मध्ये, पीठ कापायच्या पातीने मारावी तशी, सरळ रेष.

मी आयुष्यभर जळलेल्या कडा पाहिल्या आहेत. पावाच्या, फडक्यांच्या, माणसांच्या. आगीची कड कधी सरळ नसते. ती कुठे जास्त चाटते, कुठे कमी, आणि जिथे संपते तिथे पुसट होत जाते. कपाळाचा मध्य कुठे आहे, हे आगीला ठाऊक नसते. ज्याने हे केले होते, त्याला ते नेमके ठाऊक होते.

नागीण, हा शब्द मी तोंडाने उच्चारला नाही. तो माझ्या पाठीच्या कण्यातून वर चढला.

“सूनबाई,” मी म्हणाले, “चप्पल घाल. ह्याला घेऊन निघायचंय.”

“कुठं?”

“डोळ्याच्या डॉक्टरांकडे.”

धाकटा पावांचे ट्रे घेऊन दारात आला होता. “आणि भट्टी? आत माल आहे, आई. दादाशिवाय तो बाहेर कोण काढणार?”

“भट्टी विझव.”

“पेटती? मालासकट?”

“मी कुठल्या भाषेत बोलले?”

यजमान गेले त्या दिवशीही ती भट्टी मी विझू दिली नव्हती. धाकट्याने ट्रे खाली ठेवले आणि एकही विनोद न करता तो आत गेला.

दवाखान्यात बरीच गर्दी होती. थोरला डोळ्यावर रुमाल धरून भिंतीकडे तोंड करून बसला; खिडकीतला उजेडही त्याला सुईसारखा लागत होता. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्या एका रोग्याला सोडायला दारापर्यंत आल्या, त्यांची नजर सहज थोरल्यावर गेली आणि तिथेच थांबली.

“हा नाकाच्या शेंड्यावरचा फोड कधी आला?”

“आज सकाळी,” सून म्हणाली.

“आत या. लगेच. नंबर राहू दे.”

आजूबाजूच्या लोकांपैकी एकानेही कुरकुर केली नाही. सगळ्यांनी पाय आखडून आम्हाला वाट दिली. मान मिळण्याची मला सवय आहे. पण हा मान नव्हता, हे मला कळले.

आत त्यांनी थोरल्याची हनुवटी एका यंत्रावर टेकवली, डोळ्यात पिवळा थेंब घातला आणि निळा उजेड सोडला. खोलीत घड्याळाचा आवाज तेवढा येत होता. मी उभीच होते. खुर्ची पुढे केली होती कुणीतरी. बसले असते तर उठता आले नसते.

“नागीण आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?”

“झाल्या होत्या,” मी म्हणाले. “अंगभर.”

“त्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू जात नाही. एखाद्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद उतरली, कधी काही कारण नसतानाही जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणून आधी दुखतं, मग उठतं.”

माझ्या घरात मला न विचारता इतकी वर्षे कुणी मुक्काम केलेला नव्हता. पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

“पण नाकाचा काय संबंध?”

“नस एकच आहे, आजी. तिचा एक फाटा नाकाच्या शेंड्याला जातो आणि एक डोळ्याच्या आत. शेंड्यावर फोड दिसला की समजायचं, ती डोळ्याच्या उंबरठ्यावर आली.” त्यांनी निळा उजेड बंद केला. “इथं तर ती आत आलीय. बुबुळाच्या पडद्यावर फांदीसारखे ओरखडे दिसताहेत.”

“दृष्टी?”

“आज सांगता येणार नाही. दुसरा डोळा कसा आहे?”

सुनेने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले.

“दुसरा नाही,” थोरला म्हणाला.

डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. “आता नीट आठवून सांगा. दुखायला कधी लागलं आणि कातडीवर कधी उठलं? गोळ्या आहेत, पण पुरळ उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर त्यांचा खरा उपयोग. डोळ्यासाठी तर एकेक तास मोलाचा. उगाच अंदाजानं नको.”

घरातल्या कुठल्याही प्रश्नाचे उत्तर मी देते. मुलांच्या वतीने, सुनांच्या वतीने, गेलेल्या माणसांच्या वतीने. माझे तोंड उघडलेही होते. भट्टी पेटली, नव्या विटा होत्या, पहिली धग. वाक्य तयार होते, नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात. मी ते गिळले.

“हिला विचारा,” मी म्हणाले. “हिला ठाऊक आहे. ही सांगेल ते खरं.”

सून माझ्याकडे न बघता बोलू लागली. कंगवा, टोपी, उशीला टेकवता न येणारे डोके, जेवणावरून उडालेले मन. मग काल सकाळी चट्टे, आज फोड, पापणी, उजेड. सगळे ओळीने, एकही शब्द जास्त नाही. इतके सगळे तिने कधी पाहून ठेवले होते, मला कळले नाही.

“मग वेळेत आहात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा सैल झाला. “परवा आला असतात तर मी असं म्हटलं नसतं. बरं, कपाळावर हे पांढरं काय आहे?”

“मैदा,” मी म्हणाले.

“कुणी लावला?”

“मी.”

“पुन्हा लावू नका. भाजलं असलं तरी नाही. स्वच्छ ठेवा, कोरडं ठेवा, फोड फोडू नका, डोळा चोळू नका.”

“नाही लावणार,” मी म्हणाले. सुनेने चटकन वळून माझ्याकडे पाहिले आणि लगेच पदराने थोरल्याच्या गालावरचे पाणी टिपू लागली.

“किती दिवस चालेल हे?” तिने विचारले.

“नवे फोड अजून तीन-चार दिवस येत राहतील, घाबरू नका. मग आतलं पाणी गढूळ होईल, ते सुकतील, आठ-दहा दिवसांत खपल्या धरतील. कातडी पूर्ण निवळायला दोन ते चार आठवडे. सगळ्यावर खपली धरेपर्यंत ह्यांना बेकरीत पाठवू नका. तान्ही बाळं, गरोदर बायका, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशी माणसं, सगळ्यांना लांब ठेवा. दुखणं मात्र काहींचं पुरळाबरोबर जातं, काहींचं महिनोनमहिने मागं रेंगाळतं.”

“आणि डोळा?”

“डोळ्याचं मी वेगळं सांगेन. दर दोन दिवसांनी आणा.”

बेकरीमागच्या खोलीत आम्ही त्याचे अंथरूण घातले. खिडकीला मैद्याच्या रिकाम्या पोत्यांचे दुहेरी पडदे लावले. गोळ्या, थेंब, मलम यांच्या वेळा सुनेकडे. भट्टीपुढे मी उभी राहिले, कारण दुसरे कुणी नव्हते. हात अजून चालतो, पण माझ्या नजरेला आता तांबूस आणि तपकिरी यांतले अंतर सापडत नाही. पहिल्या घाण्याला मी काढलेले पाव बघून धाकटा म्हणाला, “आई, गिऱ्हाईक विचारतंय, हे चुलीत घालायचे की तोंडात?” मी त्याला पाव काढायच्या फळीच्या दांड्याने ढकलले. तो हसला, मी हसले नाही. त्या काळ्या पावांकडे बघून मला आमच्या घराचे पुढचे दिवस दिसत होते.

दुसऱ्या दिवशी लाकूडवाला आला. मोळ्या उतरवता उतरवता त्याने विचारले, “मोठे मालक दिसत नाहीत?” धाकट्याने, अर्थातच, सगळे सांगून टाकले.

“नागीण!” लाकूडवाला म्हणाला. “माझ्या मामाच्या कमरेला झाली होती. अंगाभोवती सरकत जाते ती. तोंड आणि शेपूट जुळलं, विळखा पुरा झाला, की संपलं. मामा गेलाच. आणि कमरेचा घेर केवढा असतो! डोक्याचा तर...” त्याने स्वतःच्या डोक्याभोवती बोट फिरवून दाखवले. फार वेळ लागला नाही त्याला.

“मोळ्या उतरवल्यास ना?” मी म्हणाले. “मग चालू लाग.”

तो गेला, पण त्याचे ते बोट माझ्या डोळ्यांपुढून जाईना. ही समजूत मी आधीही ऐकली होती. ऐकलेल्या गोष्टीला घर नसेल तोवर ती निरुपद्रवी असते. आता तिला घर मिळाले होते. रोज सकाळी मी पडदा बोटभर सरकवून थोरल्याच्या कपाळाच्या मध्यावर नजर लावायची. नवे फोड येत होते. केसांत, पापणीच्या कडेला, भुवईच्या आतल्या टोकाला. त्या मधल्या रेषेशी ते दाटीवाटीने उभे होते, पलीकडे जाण्यासाठी कुणाच्या हुकमाची वाट पाहत असल्यासारखे. एका सकाळी मला रेषेच्या डाव्या अंगाला लाल ठिपका दिसला. मी पदराचे टोक ओले करून तो पुसला. डाळिंबी रंगाचे औषध होते, थेंबभर ओघळलेले.

पुढच्या तपासणीच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना विचारले. विचारण्याची लाज वाटत होती, म्हणून हुकूम केल्यासारखे विचारले. “विळखा पुरा झाला तर किती वेळ मिळतो, ते सांगा.”

“विळखा?” त्यांना कळायला वेळ लागला. मग त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा मान ठेवते. “आजी, ती सरकत नाही. शरीराच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या नसा वेगळ्या असतात. ती ज्या नसेत झोपली होती, तिच्याच पट्ट्यात उठते आणि मधल्या रेषेशी थांबते. एखादा फोड जरासा पलीकडे दिसला तरी बिघडत नाही. ती थांबते, म्हणूनच तर ओळखता येते: एका बाजूला, पट्ट्यासारखी, आधी दुखणं, मग पाण्याचे झुबके. फार क्वचित ती अंगभर पसरते, ते ज्यांची ताकद फारच उतरलेली असते त्यांच्यात. ह्यांच्यात तसं काही नाही.”

लाकूडवाला पुन्हा आला तेव्हा मी त्याला दारातच अडवले. “तुझा मामा कधी गेला?”

“नागीण बरी झाल्यावर तिसऱ्या वर्षी,” तो म्हणाला. “झाडावरून पडून. पण गेला ना!”

एक भीती गेली. पण तिने अडवून धरलेल्या जागेत दुसरी आली, आणि ती खरी होती. थोरल्याच्या उजव्या डोळ्यावर धुके धरले होते. “सगळ्यावर मैदा उडाल्यासारखा दिसतो,” तो म्हणायचा. डॉक्टरीणबाई दर खेपेला निळा उजेड सोडायच्या, दर खेपेला म्हणायच्या, “बघू या.” हे दोन शब्द मी सांगत आले आहे, उधारी मागणाऱ्यांना, नोकरी विचारणाऱ्यांना. ते ऐकून घेणाऱ्याचे काय होते, ते मला या वयात कळले.

खपल्या धरू लागल्या होत्या तेव्हाची एक दुपार. पावांचा दुसरा घाणा निघाला होता, दुकानात धाकट्याची बडबड चालू होती. मागच्या खोलीतून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला म्हणून मी गेले. थोरला भिंतीतल्या फळीपुढे उभा होता. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. पावांचे रिकामे साचे त्याने सुनेकडून मागवून घेतले असावेत. ते फळीवर मांडून तो बोटांनी एकेक चाचपत होता, लहान कुठला, मोठा कुठला. एक पडला होता. त्याने वाकून जमिनीवर हात फिरवला, सापडेपर्यंत फिरवला, आणि तो जागेवर ठेवला.

“काय करतोयस?” मी विचारले.

तो दचकला नाही. डोळे मिटलेलेच ठेवून माझ्या आवाजाकडे वळला. आणि माझ्या तोंडाकडे न वळता खांद्याकडे वळला. तेवढीच चूक झाली. तेवढीच मला पुरली.

“सवय करतोय, आई.”

“ही सवय माझ्या घरात चालणार नाही.”

“घर तुझं आहे,” तो शांतपणे म्हणाला. “डोळा माझा आहे. त्याला तुझा हुकूम कळत नाही.”

माझ्या मुलाने मला दिलेले हे पहिले प्रत्युत्तर. मला राग यायला हवा होता. मी त्या फळीशी गेले, खाली पडलेला साचा जरा वाकडा ठेवला गेला होता तो सरळ केला, आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. पलीकडच्या भिंतीतून भट्टीची ऊब येत होती. मी किती घाबरले आहे, हे त्याला दिसत नव्हते, आणि त्या क्षणी तेवढीच एक गोष्ट बरी होती.

खपल्या गळल्या. खाली फिकट गुलाबी कातडे आले, त्यात बारीक खड्डे. बरोब्बर कपाळाच्या मध्यापर्यंत. दुखणे मात्र गेले नाही. बोलता बोलता मध्येच त्याचा चेहरा उजवीकडून चिमटा बसल्यासारखा आवळायचा. वाऱ्याची झुळूकही त्याला नको असायची. त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या गोळ्या दिल्या आणि थेंब चालू ठेवले. मग एकदा त्यांनी निळा उजेड बंद केला आणि पहिल्यांदाच “बघू या” म्हणाल्या नाहीत. “ओरखडे भरले आहेत. पडदा जवळजवळ स्वच्छ आहे. थोडं धुकं अजून काही दिवस राहील, पण ते पातळ होत जाईल.”

सून तिथेच खुर्चीत बसून रडू लागली. थोरल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. या वेळी हात नेमका डोक्यावर पडला.

मी मात्र रडले नाही, कारण माझा विश्वास बसला नव्हता. डॉक्टरांचा उजेड निळा असतो. माझी भट्टी तांबडी आहे. तिथे काय दिसते, ते मला पाहायचे होते.

तो परत कामावर आला त्या सकाळी मी धाकट्याला आधीच सांगून ठेवले होते की तोंड उघडायचे नाही. घाणा भट्टीत होता. थोरल्याने टोपी हातात घेतली, कपाळाजवळ नेली, आणि परत खिशात ठेवली. भट्टीचे दार डावीकडे उघडले. तो वाकला, पण पहिल्यांदाच उजवा गाल पुढे न करता जरा मागे राहून, मान तिरकी करून. आपल्याच भट्टीला माझा मुलगा भीत होता. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते, हातांनी कड घट्ट धरून.

तो बघत राहिला. फार वेळ बघत राहिला. धाकट्याने माझ्याकडे पाहिले. मी मानेने नकार दिला.

“डावीकडचे झाले,” थोरला म्हणाला. “उजवीकडचे राहू देत. मागच्या कोपऱ्यातला एक फाटलाय.”

त्याने फळी आत घातली. डावीकडचे बाहेर आले. सुनेने एक उचलला, उलटा केला, बुडाशी बोटाने ठोकला. पोकळ, कोरडा आवाज आला. मग उजवीकडचे, त्यांच्या वेळेला. मागच्या कोपऱ्यातला पाव कडेने फाटलेला होता. बोटभर लांब चीर, केसासारखी बारीक.

मला कुणीतरी खुर्ची दिली. या वेळी मी बसले.

थोरल्याने दार लावले, घाम पुसायला हात वर नेला, मध्येच दुखरी कळ आली तसा डोळा मिटून थांबला. ती ओसरल्यावर त्याने डोळा उघडला आणि टेबलाच्या पलीकडून, ट्रे आणि पोती आणि वाफ यांच्या आरपार माझ्याकडे पाहिले.

“आई,” तो म्हणाला, “तुझ्या उजव्या भुवईला मैदा लागलाय. पूस.”

मी हात वर केला आणि खाली घेतला. तो मैदा मी पुसला नाही. दिवसभर, दुकान बंद होईपर्यंत, तो तसाच राहू दिला, आणि थोरला जेव्हा जेव्हा समोरून गेला तेव्हा तेव्हा तोंड त्याच्याकडे वळवून उभी राहिले.